सोयाबीनच्या मळणीनंतरचा दमा : परिचर्येचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. रुग्ण काल्पनिक आहे, पण तिची वाट ऑक्टोबरमधल्या मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना अनोळखी नाही. औषधांच्या मात्रा प्रौढांच्या आहेत आणि त्या डॉक्टरांच्या आदेशानेच द्यायच्या.

रुग्ण

वय ३६, वजन ५२ किलो, उंची १५२ सेंमी. लातूर जिल्ह्यातली शेतमजूर, दमा चौदा वर्षांपासून. सलग चार दिवस सोयाबीनच्या मळणीला होती, तीही भुसा उडतो त्या तोंडाच्या बाजूला. तिसऱ्या संध्याकाळी खोकला सुरू झाला, चौथ्या रात्री आडवं होता येईना. घरात निळा पंप होता, म्हणजे साल्ब्युटामॉल, दर फवाऱ्याला १०० मायक्रोग्रॅम. रात्री दहापासून तिने तो 'पंधरा-वीस डाव' ओढला. उजाडल्यावर दवाखान्यात न्यायचं असं घरच्यांचं ठरलं होतं. ओठ काळपट दिसायला लागले तेव्हा दिराने मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. वेळ रात्री १:४०.

सोयाबीन आणि दमा यांचं नातं जुनं आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण झुंडीने तातडीच्या विभागात येत. शोध घेतल्यावर कळलं की ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे होते आणि एका कोठाराला धूळ अडवणारा फिल्टर नव्हता. त्रास दाण्याच्या टरफलातल्या प्रथिनांचा होता. फिल्टर बसवले आणि त्या लाटा थांबल्या. आपल्याकडे मळणी यंत्र उघड्या शेतात चालतं आणि माणूस त्याच्यापासून दोन हातांवर उभा असतो. 'मळणीला होता का?' या प्रश्नाच्या उत्तराने त्या रात्रीचे उपचार बदलत नाहीत. घरी पाठवताना मात्र तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

पूर्वेतिहासात दोन गोष्टी लाल शाईने लिहाव्यात अशा होत्या. दोन वर्षांपूर्वी दम्यासाठीच ती अतिदक्षता विभागात होती. आणि निळा पंप महिन्याला एक लागत होता. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे वर्षात संपत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक डबा लागणाऱ्या रुग्णात मृत्यूचा धोकाही वाढलेला धरतात. स्टिरॉइडचा पंप तिला लिहून दिलेला होता. तो एप्रिलपासून बंद होता, कारण एप्रिलमध्ये तिला काहीच होत नव्हतं.

पहिली वीस मिनिटं

दारातून आत येताना दिसलं ते असं : खाटेची कड धरून पुढे वाकलेली, मानेचे स्नायू ताणलेले, घामाने ओली, एका श्वासात एकच शब्द. नोंदी : श्वास मिनिटाला ३४, नाडी १२८, रक्तदाब १४०/९०, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० टक्के. छातीत दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज. पीक फ्लो, म्हणजे जोराने फुंकलेल्या हवेचा वेग, मिनिटाला १३० लिटर. तिचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा माहीत नव्हता, म्हणून तक्त्यातला अपेक्षित ३६० धरला. म्हणजे ३६ टक्के.

वाक्य पूर्ण करता न येणं, श्वास २५ किंवा अधिक, नाडी ११० किंवा अधिक, पीक फ्लो ३३ ते ५० टक्के : यातलं कुठलंही एक असलं तरी अटॅक तीव्र. सॅच्युरेशन ९२ च्या खाली गेलं की तो एकच आकडा रुग्णाला जीवघेण्या गटात नेऊन बसवतो. ही बाई दारात आली तेव्हाच त्या गटात होती.

श्वास पूर्ण साठ सेकंद मोजायचे. वॉर्डातले चार्ट पाहिले तर अख्ख्या खोलीतले रुग्ण मिनिटाला वीसच श्वास घेताना दिसतात. दम्यात ही सवय जीवावर बेतते. इथे ३४ हा आकडा खरा मोजलेला होता, म्हणूनच तासाभराने तो वीसवर आला तेव्हा काहीतरी बिनसलंय हे कळू शकलं.

तिला आडवं केलं नाही. पाय खाली सोडून बसवलं आणि पुढे टेबलावर उशी ठेवून तिचे हात त्यावर टेकवले. ऑक्सिजन ९३ ते ९५ टक्के ठेवायचं लक्ष्य. हाताशी सिस्टर दोनच असतील तर एकीने रुग्णाजवळून हलायचं नाही, दुसरीने औषधं भरायची.

नेब्युलायझरच्या, म्हणजे औषधाची वाफ करणाऱ्या यंत्राच्या, कपात साल्ब्युटामॉल ५ मिलिग्रॅम आणि श्वासनळ्या उघडणारं दुसरं औषध इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. एकूण द्रव ४ ते ५ मिलि भरेल इतकं नॉर्मल सलाईन. डिस्टिल्ड वॉटर घालायचं नाही, त्याने श्वासनळ्या आणखी आवळतात. कपात एखादा मिलि नेहमी तळाशी उरतो, म्हणून अडीच मिलिचं औषध तसंच लावलं तर त्यातला मोठा वाटा वाया जातो. ऑक्सिजनवर चालवायचं आणि प्रवाह ६ ते ८ लिटर ठेवायचा. तीन लिटरवर धूर दिसतो खरा, पण थेंब मोठे पडतात आणि घशातच बसतात.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विजेवरचं छोटं मशीन खोलीतली हवा ओढतं. ते लावताना ऑक्सिजनचा मास्क काढून ठेवला की दहा मिनिटं रुग्ण ऑक्सिजनविना राहतो, आणि साल्ब्युटामॉल दिल्यावर सॅच्युरेशन थोडा वेळ आणखी खालीही जाऊ शकतं. मशीनच वापरावं लागलं तर नाकात नळी घालून ४ लिटर चालू ठेवायचं आणि वरून नेब्युलायझरचा मास्क. मास्क सैल असेल तर इप्राट्रोपियम डोळ्यांत जातं. काचबिंदू असलेल्या रुग्णात त्याने दाब भडकू शकतो. कप फुरफुरायला लागला की बोटाने टिचक्या मारायच्या, कडेला चिकटलेलं औषध खाली येतं.

वीज गेली तर? स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लावून निळ्या पंपाचे ४ ते १० फवारे, दर वीस मिनिटांनी. एका वेळी एकच फवारा, त्यावर चार-पाच श्वास, डबा हलवून पुढचा. स्पेसर नसेल तर ५०० मिलिच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं. केपटाऊनमध्ये मुलांवर हा प्रयोग रीतसर झालेला आहे आणि बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली.

१:५० ला सलाईनची सुई आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड १०० मिलिग्रॅम शिरेतून, दोन-तीन मिनिटांत सावकाश. गिळता येत असेल तर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची ५० मिलिग्रॅमची गोळीही तितकीच चालते. दोन्हींचा परिणाम दिसायला चारेक तास लागतात, आणि नेमकं म्हणूनच पहिल्या तासात द्यायचं. 'दोन वाफा देऊन बघू, मग ठरवू' यात ते चार तास पुढे ढकलले जातात.

दिराचा आग्रह होता : "सिस्टर, ते दम्याचं इंजेक्शन मारा ना, मागच्या डावाला लगेच उतार पडला होता." ते इंजेक्शन थिओफिलीन गटातलं. आजच्या मार्गदर्शक सूचनांत त्याला अटॅकमध्ये जागा उरलेली नाही, कारण उपयोग आणि विषार यांत अंतर फार थोडं आहे. उलट्या, नाडीची गडबड, झटके. ही बाई घरी साल्ब्युटामॉल-थिओफिलीनची गोळी घेत होती. वरून आणखी तेच मारणं म्हणजे रक्तात आधीच किती आहे ते न बघता भर घालणं. नातेवाइकांशी वाद न घालता एवढंच सांगावं की तेच काम करणारं औषध वाफेतून चालू आहे.

२:०० आणि २:२० ला तीच मात्रा पुन्हा. २:३० च्या नोंदी : श्वास ३२, नाडी १३४, सॅच्युरेशन ऑक्सिजनवर ९४, पीक फ्लो १४०. एका तासात जवळजवळ काहीच मिळालं नव्हतं.

पावणेतीन

२:४५ ला खोली शांत झाली. दारातून ऐकू येणारी शिट्टी बंद पडली. बाईने डोके उशीवर टेकलं होतं, डोळे मिटले होते, श्वास २०. मॉनिटरवर ९४. सासू म्हणाली, "झोप लागली बघा, बरं झालं."

दम्यात रुग्ण दगावतो तो बहुधा अशाच शांततेत. शिट्टी वाजायला हवा वाहावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या, कफाने इतक्या बुजल्या की हवाच जात नाही, तेव्हा आवाज उरत नाही. स्नायू तासन्‌तास ओढून थकतात तेव्हा श्वासांची संख्या 'सुधारते'. ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन बराच वेळ टिकून राहतं, कारण तो आकडा कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. आवाज, श्वास, सॅच्युरेशन तिन्ही बरे दिसत होते आणि बाई बुडत होती.

सिस्टरने त्या वेळी करायच्या गोष्टी दोनच : हाक मारून जागं करणं आणि पाठीला स्टेथो लावणं. हाकेला ती डोळे उघडून पुन्हा मिटत होती. दोन्ही बाजूंना खालच्या भागात हवा जवळजवळ ऐकूच येत नव्हती. अशा रुग्णाला पीक फ्लो फुंकायला लावायचा नाही. आणि तळमळते म्हणून झोपेचं किंवा शांत करणारं औषध या आधीही द्यायचं नव्हतं, आताही नाही.

फोन कसा करायचा, तर असा : "डॉक्टर, दम्याची बाई, ३६ वर्षं. तीन नेब्युलायझेशन आणि हायड्रोकॉर्टिसोन झालं. श्वास ३२ वरून २० वर आलाय पण ती पेंगतेय, खाली हवा ऐकू येत नाही, सायलेंट चेस्ट वाटतोय. आत्ता या. मॅग्नेशियम भरून ठेवते, १०८ ला सांगते." 'पेशंट बरा वाटत नाही' असं म्हटलं तर डॉक्टर आणखी एक वाफ द्यायला सांगून फोन ठेवतील.

डॉक्टरांनी येऊन आदेश दिला : मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, शिरेतून, २० मिनिटांत. ५० टक्क्यांच्या २ मिलि ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम असतं, म्हणून दोन ॲम्प्यूल १०० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये. २० थेंबांचा एक मिलि होणाऱ्या सेटवर मिनिटाला शंभरेक थेंब. ग्रामीण रुग्णालयात हे औषध प्रसूतिगृहाच्या एक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात येणाऱ्या झटक्यांच्या) ट्रेमध्ये सापडतं आणि धोका तिथेच आहे. हाताला सवय एक्लॅम्पसियाच्या मात्रेची असते : ४ ग्रॅम शिरेतून आणि वर १० ग्रॅम स्नायूत. दम्यात एकूण २ ग्रॅमच. ॲम्प्यूल फोडण्याआधी दुसऱ्या सिस्टरने मोठ्याने 'दोन' म्हणून मोजलेलं बरं. दर पाच मिनिटांनी रक्तदाब, श्वास आणि गुडघ्याची झटक. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलि, खाटेजवळ.

त्याच वेळात अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडून ठेवली, सक्शन चालू करून पाहिलं, श्वासनलिकेत नळी घालायचा ट्रे उघडला. बॅग दाबायची वेळ आलीच तर मिनिटाला आठ-दहाच्या वर जायचं नाही आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण खाली बसू द्यायची. घाईने दाबत राहिलं की आत गेलेली हवा बाहेर पडण्याआधी पुढची भरते, छाती फुगून राहते आणि रक्तदाब कोसळतो. तसं झालं तर आधी बॅग सोडवून हवा बाहेर जाऊ द्यायची. तरीही रक्तदाब वर आला नाही, किंवा एका बाजूला हवा जात नसेल, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याचा संशय घ्यायचा.

३:१५ ला छातीत शिट्टी परत आली, दोन्ही बाजूंना, मोठ्याने. सासू घाबरली. वॉर्डातल्या लोकांसाठी ती रात्रीतली पहिली चांगली बातमी होती. श्वास २८, नाडी १२४, बाई डोळे उघडून पाणी मागत होती. साल्ब्युटामॉल सलग चालू ठेवलं.

सुधारली म्हणून तिथेच ठेवायचा मोह होतो. सायलेंट चेस्ट होऊन गेलेल्या रुग्णाची जागा अतिदक्षता विभागातच. ३:४० ला डॉक्टरांसह ॲम्ब्युलन्स निघाली. निघण्यापूर्वी सिलिंडरचा काटा पाहिला : भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर, ८ लिटरने तीन तास, काटा निम्म्यावर असेल तर दीड. रस्ता पन्नास मिनिटांचा होता. चिठ्ठीत प्रत्येक औषधापुढे घड्याळाची वेळ लिहिलेली होती. ती नसती तर पुढच्या डॉक्टरांना स्टिरॉइड किती वाजता गेलं हे नातेवाइकांना विचारावं लागलं असतं.

जिल्हा रुग्णालयात

४:४० च्या धमनीरक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४१. छापील मर्यादा ३५ ते ४५, म्हणून रिपोर्टवर त्याच्यापुढे कुठलीच खूण नव्हती. पण मिनिटाला २८ श्वास घेणाऱ्याचा दाब ३५ च्या खाली असायला हवा. तो 'नॉर्मल' आहे याचा अर्थ रुग्ण थकत आला आहे. दुपारपर्यंत तो ३५ वर उतरला; नळी घालावी लागली नाही.

सकाळी पोटॅशियम ३.१ निघालं. साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइड दोन्ही ते खाली आणतात, आणि नाडी आधीच १२० च्या घरात असताना हृदयाची लय बिघडायला तेवढं पुरतं. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलीमोल. ५०० मिलि सलाईनमध्ये मिसळून, नीट हलवून, हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीमोलच्या वर नाही. थेट शिरेत कधीच नाही. हात थरथरतात, छाती धडधडते हे औषधामुळे आहे असं बाईला सांगितलं. न सांगितल्यास पुढच्या वाफेला ती मास्क ढकलून देते. साखर दर सहा तासांनी तपासली, स्टिरॉइड चालू आहे तोवर.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात. फाइलमध्ये परिचर्या निदानांची यादी लिहावी लागते आणि ती लिहावी. पण खाटेजवळ त्यातलं महत्त्वाचं एवढंच : कफ सुटावा म्हणून कोमट पाणी आणि बसून खोकणं, अंघोळ-जेवण तुकड्यातुकड्यांनी, आणि दिवसातून दोनदा पीक फ्लो, वाफेच्या आधी आणि नंतर.

पंप

तिसऱ्या दिवशी तिला म्हटलं, घरी ओढता तसा ओढून दाखवा. डबा हलवला नाही. आधी दाबला, मग श्वास घेतला. तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. श्वास रोखला नाही. पंधरा-वीस फवाऱ्यांतलं छातीत किती गेलं असेल याचा अंदाज त्या धुरावरून येतो.

आता तिला ब्युडेसोनाइड २०० आणि फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमचा एकच पंप लिहून दिला होता : सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे, आणि दम लागला की त्याचाच एक जादा. दिवसाची कमाल मर्यादा सगळे मिळून बारा फवारे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, म्हणजे जीनाने, २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर रुग्ण ठेवणं थांबवायला सांगितलं आहे. निळा पंप नळी उघडतो पण आतली सूज तशीच राहते.

शिकवण्याचा क्रम : डबा हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, एक फवारा, तीन-चार सेकंद सावकाश खोल श्वास, दहापर्यंत मनात मोजून सोडा. पुन्हा हलवून दुसरा. मग चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि पुसू नका. कापडाने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. कॅप्सूलचं यंत्र वापरणाऱ्यांना उलट सांगावं लागतं : श्वास जोराने आणि झटकन, आणि यंत्रात फुंकायचं नाही. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात, म्हणून तेही विचारावं. आपण करून दाखवणं पुरत नाही. तिने करून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खरा अडथळा वेगळाच होता. तिचं म्हणणं : "मला उन्हाळ्यात काहीच व्हईना, मग कामून ओढू? सवय लागती म्हणतेत." मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन माशाचं औषधही ती घेऊन आली होती. त्यावर हसण्यात अर्थ नाही. जूनमध्ये तिला बरंच वाटत होतं. उन्हाळ्यातली ती शांतता आणि पावणेतीनची शांतता यांचा अर्थ तिला तिच्याच रात्रीवरून समजावता आला : आवाज नव्हता, पण नळ्या सुजलेल्याच होत्या. 'स्टिरॉइड' शब्दाची भीती हिशोबाने उतरते. आता पाच ते सात दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पोटात जात होतं, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम. पंपातून दिवसाला ८००. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे तुलना फक्त वजनाची. तरी एका गोळीच्या दिवसात पंपाचे पन्नास दिवस बसतात.

घरी

सहाव्या दिवशी पीक फ्लो सकाळी २६०, संध्याकाळी २९०. पायऱ्या चढून बोलता येत होतं. कागदावर तीन रंग काढून दिले, शेजारी आकडे. हिरवा २९० च्या वर : रोजचे फवारे. पिवळा १८० ते २९०, किंवा रात्री खोकल्याने जाग : जादा फवारे, दोन दिवसांत दवाखाना. लाल १८० च्या खाली, किंवा बोलताना थांबावं लागणं : बसून एक फवारा, काही मिनिटांनी पुन्हा, एका वेळी सहापर्यंत, आणि तोवर १०८ ला फोन. उजाडण्याची वाट पाहायची नाही, हे वाक्य दिराकडून वदवून घेतलं. बाईला वाचता येत नव्हतं. आठवीतल्या मुलीला कागद समजावला.

मळणी बंद करा असं सांगणं सोपं आहे, पण त्या मजुरीवर घराची दिवाळी होते. म्हणून ठरलं ते असं : भुशाच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पोती शिवण्याच्या कामावर, तोंडाला एन-९५ मास्क, कारण पदराने बारीक धूळ अडत नाही. चुलीसमोर बसण्याचं काम या महिन्यात दुसऱ्या कुणी करायचं. अंगदुखीला दुकानातली कुठलीही गोळी नाही, पॅरासिटामॉलच. काहींना ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांनी अटॅक येतो. कधी रक्तदाबाची गोळी सुरू झाली तर डॉक्टरांना दमा आहे हे आधी सांगायचं.

पहिली फेरतपासणी आठवड्याच्या आत, उपकेंद्रात. तिथल्या सिस्टरने बघायचं ते डब्यावर लिहून ठेवलं होतं : मार्करने उघडल्याची तारीख आणि '१२०'. रोज चार फवारे म्हणजे डबा तीस दिवसांत संपायला हवा. पंचेचाळिसाव्या दिवशीही चालू असेल तर फवारे चुकतायत. विसाव्या दिवशी संपला तर जादा लागतायत, आणि मग पुढच्या तारखेची वाट न पाहता पीक फ्लो त्याच दिवशी घ्यायचा.